मुंगीचा एक तरी फोटो

कॅमेरा वहिनींनी घेतलेला नव्हताच. तो घेतला त्यांच्या नवऱ्याने. गाडी शिकवणाऱ्या शाळेत दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणारा माणूस तो. त्याला वाटलं, सुटीच्या दिवशी जरा पक्षी टिपावेत, तेवढीच मनाला शांतता. मोठ्या हौसेने कॅमेरा आणला, गॅलरीतल्या चिमणीचे तीन फोटो काढले, तिन्हींत नुसता कठडा आला, आणि कॅमेरा कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली जाऊन बसला. आठ महिने तिथेच. मग एका रविवारी नणंदेचा व्हॉलीबॉलचा सामना होता, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, ते धूड पडूनच आहे ना, मी नेऊ का?"

"ने," नवरा म्हणाला. "फक्त पाडू नकोस."

या गोष्टीला सहा वर्षं झाली. कॅमेरा काही परत कपाटात गेला नाही, आणि नवऱ्याला आता त्याला हात लावायचा तर विचारून लावावा लागतो.

वहिनी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करतात. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत लोकांच्या शिरा शोधायच्या. वीस वर्षं हेच. समोरचा माणूस कितीही घाबरलेला असो, त्याला त्याच्या घरच्या मांजराबद्दल काहीतरी विचारायचं आणि तो मांजराचं नाव सांगेपर्यंत सुई आत. शीर सापडेपर्यंत घाई करायची नाही आणि सापडली की रेंगाळायचं नाही. खेळाच्या फोटोला याहून वेगळं काय लागतं हो? वहिनींना तरी काही लागलं नाही. पहिल्या वर्षी त्यांनी वाईट फोटो काढले, दुसऱ्या वर्षी बरे काढले, आणि तिसऱ्या वर्षापासून खेळाच्या हॉलमध्ये कोणताही सामना असला की कोणीतरी विचारायचंच, "वहिनी आल्यात का?" नणंद त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून तिचा संघ वहिनी म्हणायला लागला, मग पंच, मग तिकिटं फाडणारे आजोबासुद्धा.

त्यांच्या हाताखाली आपोआप एक शाळाच तयार झाली. फोटोची हौस असलेली माणसं सामन्याच्या आधी त्यांच्याभोवती गोळा व्हायची. त्यात एक दातांचे डॉक्टर होते. त्यांची लेन्स एवढी लांब की ती ठेवायला शेजारी एक वेगळी खुर्ची लागायची. आणि फोटो सगळे काळेकुट्ट.

"डॉक्टर, ही लेन्स उन्हातली आहे," वहिनी त्यांना म्हणाल्या. "मैदानावर न्या, सोनं करेल. इथे या मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली तिला दिसतंय काय? माझी बघा, मुठीएवढी आहे, झूम नाही, काही नाही. पण उजेड घटाघटा पिते. पुढेमागे व्हायचं तर आपल्याला पाय दिलेत देवाने."

डॉक्टर वहीत लिहून घ्यायचे. वहिनी भरभरून सांगायच्या. सेकंदाच्या आठशेव्या भागाच्या खाली शटर आणू नका, नाहीतर हातांच्या जागी धूर येईल. उभ्याने काढू नका, गुडघ्यावर बसा, खेळाडू उंच दिसतात आणि मागच्या रिकाम्या खुर्च्या दिसत नाहीत. बॅटरी आदल्या दिवशी दुपारीच भरा. बटण दाबून धरून ठेवू नका, दोन-तीन फोटो काढून सोडा, कारण कॅमेऱ्याचं पोट भरलं की तो ऐन वेळी ढिम्म बसतो. प्रत्येक फोटो काढला की पडद्यात डोकावून बघू नका, तुम्ही मागचा बघत असता आणि पुढचा निघून जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे त्या टेबलावर बोट आपटून सांगायच्या: "उजवा डोळा कॅमेऱ्याला लावलात तरी डावा उघडा ठेवायचा. डाव्याने चेंडू बघायचा. चेंडू कुठे निघालाय ते कळलं की हात आपोआप तिकडे वळतो."

हा डावा डोळा म्हणजे वहिनींचा अभिमान होता. आणि त्यानेच त्यांचा घात केला, ते आता सांगायचं आहे.

त्यांची नणंद टपाल खात्यात होती, आणि टपालवाल्यांच्या महिला संघात बावीस वर्षं खेळत होती. अंगाने लहानखुरी, मैदानभर सतत धावणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. घरीही तेच. व्हॉलीबॉलमध्ये पलीकडून आलेला चेंडू पहिली बाई उचलते, दुसरी तो जाळीजवळ अलगद वर देते, आणि तिसरी उडी मारून हाणते. टाळ्या तिसरीला. मुंगी दुसरी. चेंडू कितीही वेडावाकडा येवो, त्याच्याखाली धावत जाऊन दहा बोटांनी तो असा वर ठेवायचा, की मारणारीला वाटावं हा माझ्यासाठीच टांगून ठेवला होता. बावीस वर्षं तिने हेच केलं. आता तिचा उजवा गुडघा झिजला होता. डॉक्टरांनी, दातांच्या नव्हे, हाडांच्या डॉक्टरांनी, स्पष्ट सांगितलं होतं की बाई, आता पुरे. येत्या रविवारचा वीज कार्यालयाच्या संघाबरोबरचा सामना तिचा शेवटचा.

सोमवारी दुपारी संघाच्या कप्तानाचा वहिनींना फोन आला. कप्तान म्हणजे संघातली सर्वांत उंच बाई, चेंडू हाणण्यात पटाईत. टपाल कार्यालयात खेळाडूंची एक खोली होती आणि तिच्या भिंतीवर, खेळ सोडलेल्या प्रत्येक खेळाडूचा एक फोटो लावायचा रिवाज होता. अट एकच. फोटो खेळतानाचा हवा, उभं राहून काढलेला चालत नाही.

"वहिनी, मुंगीताईंचा एक छानसा द्या ना," कप्तान म्हणाली. "तुमच्याकडे तर ढीग असेल."

"ढीग आहे," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत पाठवते."

जेवणाची भांडीही न घासता त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या. सहा वर्षं, एकोणचाळीस सामने, हजारो फोटो. पहिल्या सामन्यात मुंगी सापडली नाही. दुसऱ्यात सापडली नाही. कप्तानाचे मात्र किती सांगावेत: हवेत, दात-ओठ खात, मूठ वळून, केस उडताना. चेंडू उचलणारीचे होते, जमिनीवर लोळण घेतानाचे. पंचांचे होते. तिकीटवाल्या आजोबांचे चार होते. मुंगीची पाठ होती. मुंगीचे बूट होते. आणि जागोजागी फोटोच्या कडेला एक कोपर होता, अर्धा कापला गेलेला.

चार वाजता नवरा चहा घेऊन आला, तर वहिनी रडवेल्या.

"अहो, मुंगी नाहीये."

"कुठे गेली?"

"फोटोत हो. सहा वर्षांत एकसुद्धा नाही. तिच्या हातातून चेंडू सुटला की माझा डावा डोळा चेंडूमागे जातो, डोळ्यामागे हात जातो, आणि फोटो येतो मारणारीचा. आणि हे मी लोकांना शिकवतेय, वहीत लिहून घ्यायला लावतेय."

नवऱ्याने पडदा निरखून बघितला. "हा कोपर तिचाच आहे पण."

"कोपर लावू का भिंतीवर?"

त्याने चहाचा कप पुढे सरकवला. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला कुठे गप्प बसावं ते कळतं.

संध्याकाळी मुंगी स्वतःच आली, दुखरा पाय ओढत, जिन्याला नावं ठेवत. वहिनींनी तिला सगळं सांगून टाकलं. लपवून काय करणार? मुंगी खुर्चीत बसली आणि पोट धरून हसली.

"मला माहितीये गं वहिनी. दर वेळी तू फोटो पाठवतेस ना, मी कोपर शोधते. सापडला की म्हणते, चला, आपण होतो."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? सगळे चेंडूकडेच बघतात. मी पण चेंडूकडेच बघते." मग म्हणाली, "पण एक हवा होता. भिंतीसाठी नाही. बावीस वर्षं खेळले, मी कशी खेळते ते मी कधी बघितलंच नाहीये."

हे ती अगदी सहज बोलली आणि दादाच्या ताटलीतली बिस्किटं खायला लागली. पण वहिनींना ते लागलं. घरच्या माणसाला, दहा पावलांवर असलेल्या माणसाला आपण सहा वर्षं बघितलं नाही, याची त्यांना लाज वाटली. काय वाट्टेल ते झालं तरी रविवारी मुंगीचा फोटो काढायचाच, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

आठवडाभर त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. लॅबमध्ये एका गृहस्थांना त्यांनी मांजराबद्दल दोनदा विचारलं. घरी नवऱ्याला हात वर करून उभं केलं, वर बघायला लावलं, आणि स्वतः खोलीभर रांगत कुठून चेहरा दिसतो ते बघितलं. मुंगी चेंडू देताना तिचे हातच चेहऱ्यापुढे येतात. म्हणजे चेंडू सुटल्यानंतरच चेहरा मिळणार, आणि तोही टपालवाल्यांच्या बाजूने नाही. जाळीच्या पलीकडे, शत्रूच्या गोटात बसून, कोपऱ्यातून तिरकं बघावं लागणार. पण जाळीतून बघितलं की कॅमेरा जाळीवरच फोकस करतो, हेही त्यांना ठाऊक होतं. मग आपोआप होणारा फोकस बंद करायचा, मुंगी जिथे उभी राहते त्या जागेवर हाताने फोकस लावायचा आणि लेन्सवरची फिरती कडी चिकटपट्टीने बांधून टाकायची.

"मान दुखली," नवरा वर बघत म्हणाला. "शिकाऊ मुलं बरी, निदान ब्रेक तरी माझ्या पायाखाली असतो."

रविवारी सकाळी वहिनी वीजवाल्यांच्या समर्थकांत जाऊन बसल्या. तिथल्या बायका त्यांच्याकडे संशयाने बघू लागल्या. सामना तीन सेटचा होता. पहिला सुरू झाला. चेंडू आला, उचलला गेला, मुंगीकडे गेला, आणि वहिनींनी बटण दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. सेट टपालवाल्यांनी जिंकला. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडून सामना चालू असताना पडद्यात बघितलं.

कप्तान. कप्तान. कप्तान, थोडी धूसर. कोपर. कप्तान.

इतकं ठरवून, इतकं घोकून, हात पुन्हा चेंडूमागे गेला होता. दुसऱ्या सेटला बाजू बदलल्या, तशा त्या वीजवाल्यांच्या बाकांच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या, आणि तिथे त्यांनी डावा डोळा मिटून बघितला. पण चेंडू उडाला की डोळा टक्कन उघडायचा. सहा वर्षांची सवय ती, सांगून थोडीच ऐकणार. पाच गुण झाले, दहा झाले, आणि मुंगी लंगडायला लागलेली वहिनींना दिसली. आता मात्र त्या स्वतःवर भयंकर चिडल्या.

पिशवीत कापूस आणि कागदी पट्टी नेहमीच असायची. लॅबची सवय. त्यांनी कापसाचा जाड बोळा डाव्या डोळ्यावर ठेवला आणि वरून फुलीसारख्या दोन पट्ट्या ठोकून दिल्या. पंचांनी शिट्टी तोंडातून काढून विचारलं, "वहिनी, चेंडू लागला का?"

"नाही. तुम्ही खेळ चालू ठेवा."

शेजारच्या वीजवाल्या बाईला हे काही ठीक वाटेना. ती थोडी लांब सरकून बसली. पलीकडून दातांचे डॉक्टर बघत होते. त्यांनी वही काढली, थोडा विचार केला, आणि परत खिशात ठेवली.

एका डोळ्याने बघायला लागल्यावर चेंडू नाहीसाच झाला. उरली ती चौकट, आणि चौकटीत मुंगी कधी यायची, कधी निघून जायची. मग वहिनी कानांनी बघायला लागल्या. पलीकडे चेंडू उचलला की धप्प. मग बुटांची चरचर. मग मुंगीच्या बोटांचा हलका आवाज, कागद फाटावा इतकाच. त्या आवाजानंतर मनात एक म्हणायचं आणि दाबायचं. पहिले पाच-सहा फसले. कधी लवकर, कधी मध्ये कोणाची तरी पाठ. दुसरा सेट टपालवाले हरले, तरी वहिनींना कळलंच नाही. सगळे उठून बाजू बदलायला लागले तेव्हा कळलं. त्याही कॅमेरा छातीशी धरून, एका डोळ्याने धडपडत, दुसऱ्या कोपऱ्यात पळाल्या. तिसऱ्यात आठ गुणांवर पुन्हा बाजू बदलली, पुन्हा पळाल्या. गुडघे दोघींचेही बोलत होते.

तिसरा सेट पंधराचा. कोणीतरी ओरडलं, तेरा-चौदा. कोणाचे तेरा आणि कोणाचे चौदा ते वहिनींनी विचारलं नाही. मुंगीचा फोटो अजून मिळालेला नव्हता आणि बहुधा एकच चेंडू उरला होता, एवढंच त्यांना माहीत होतं.

धप्प झालं. पण आवाज चुकीचा होता, चेंडू भलतीकडे उडाला असणार, कारण मुंगी आपली जागा सोडून मागे पळाली. झालं. फोकस बांधलेला होता जाळीजवळच्या जागेवर, आणि मुंगी त्या जागेपासून लांब चालली होती. म्हणजे ती धूसर होणार. चिकटपट्टी काढायला वेळ नव्हता. वहिनींनी काय करावं? मुंगी जितकी मागे गेली, तितक्याच त्या पुढे सरकल्या. गुडघ्यांवर, सरपटत, सीमारेषेला हात टेकेपर्यंत. दोघींमधलं अंतर जेवढ्यास तेवढं राहिलं. कागद फाटल्यासारखा आवाज आला. वहिनींनी मनात एक म्हटलं आणि दाबलं. तीन फोटो.

चौकटीत मुंगीचा चेहरा होता. हात अजून वरच, डोळे लकाकत होते, आणि ती हसत होती. पहाटेच्या गाडीतून माहेरचं माणूस उतरताना दिसावं, तसं.

आणि हॉलमध्ये एकच गलका झाला. वहिनींच्या भोवती सगळ्या उड्या मारायला लागल्या. वहिनीही उठल्या, शेजारच्या बाईला कडकडून मिठी मारली, "जिंकलो, जिंकलो" म्हणत तिच्याबरोबर दोन गिरक्याही घेतल्या. त्या बाईनेही मघाचं सगळं विसरून त्यांना घट्ट धरलं.

नवरा गर्दीतून वाट काढत आला. "अगं, काय करतेयस? आपण हरलो."

"काहीतरीच. मी मुंगीचा चेहरा बघितलाय."

"कप्तानाने बाहेर मारला चेंडू. वीतभर बाहेर. तू वीजवाल्यांत नाचतेयस."

वहिनींनी डोळ्यावरची पट्टी ओढून काढली. समोर फलक होता, आणि फलकावर खरंच हरल्याचं लिहिलं होतं. जाळीपलीकडे कप्तान डोकं धरून बसली होती आणि मुंगी तिच्या पाठीवर थोपटत होती, काहीतरी बोलून तिला हसवायचा प्रयत्न करत होती. वीजवाल्या बाईने वहिनींना सोडलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली. "प्या ताई. छान खेळल्या तुमच्या."

सगळं आवरल्यावर तिघं बाकावर बसली. मुंगीने गुडघ्याला बर्फाची पिशवी लावली होती. वहिनींनी कॅमेरा सुरू केला. पहिला फोटो धूसर. दुसऱ्यात चेहऱ्यापुढे हात. तिसरा त्यांनी काही न बोलता मुंगीपुढे धरला.

मुंगी बघत राहिली. इतका वेळ, की पडदा आपोआप विझला आणि वहिनींना तो पुन्हा लावावा लागला.

"हा कधीचा?"

"शेवटच्या चेंडूचा."

"पण तो तर आपण हरलो."

"हरलो ते नंतर," नवरा म्हणाला. "चेंडू दिलास तेव्हा कुठे हरलो होतो."

मुंगीने पडद्यावर बोट ठेवलं, स्वतःच्या गालावर. "मला वाटायचं मी खेळताना आंबट तोंड करते. बावीस वर्षं हेच वाटायचं. आमचे पहिले कोच म्हणायचे, मुंगी, तुझ्या तोंडावर बारा वाजलेत, तेव्हापासून." तिचा आवाज बारीक झाला. "वहिनी, मी एवढी खूश असायची?"

सहा वर्षं वहिनी तिथेच बसलेल्या होत्या. त्यांनी मुंगीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असणार गं. मी बघितलं नाही, एवढंच."

मुंगीने बाहीला डोळे पुसले, नाक ओढलं आणि कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला.

"दादा, सरक जरा, उजेड अडवतोयस," ती म्हणाली. "मला नीट बघू दे."